आजाऱ्याशी खरे बोलावे : धम्माच्या इतिहासातला एक विसरलेला धडा



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्ही इतिहासावर चार पाने लिहा, असे कार्यकारिणीतल्या तरुण मंडळींनी आम्हाला सांगितले. आम्ही काही इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली. १९८९ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गिरणी बंद पडेपर्यंत कताई खात्यात राबलो. जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा चुकलेमाकले पोटात घालावे.

विषय मात्र आम्ही मुद्दाम असा घेतला आहे, की जो स्मरणिकेत सहसा कुणी घेत नाही. विषय आहे मरणाचा. कुणी म्हणेल, आनंदाच्या दिवशी हे अभद्र कशाला? त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे, की दरवर्षी ६ डिसेंबरला आपण लेकराबाळांसह चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहतो ते कशासाठी? एका महापरिनिर्वाणाची आठवण म्हणूनच ना? वैशाख पौर्णिमेला आपण तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्हींची आठवण एकाच दिवशी करतो. म्हणजे मरण हा शब्द आपल्याला विटाळाचा नाही. लाखोंच्या गर्दीत आपण तो उघड बोलतो. पण घरातले माणूस दुखण्याने खाटेला लागले, की त्याच्यासमोर तोच शब्द आपल्या तोंडातून निघत नाही. हे असे का, आणि आपला इतिहास याबाबत काय सांगतो, हे पाहण्यासाठी हा लेख.

आमची चूक

आधी आमचीच चूक सांगतो. म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील.

२००४ सालची गोष्ट. आमच्या शेजारच्या रिंग फ्रेमवर काम करणारा आमचा सोबती कोकणातला, वयाने आमच्याहून दोन वर्षांनी मोठा. जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा नेहमी त्याच्या हातात. त्याला घास गिळताना त्रास व्हायला लागला. आधी कापसाची धूळ गेली असेल म्हणून गूळ खाल्ला, मग डॉक्टर झाले, मग मोठे रुग्णालय. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवले आणि त्याच्या बायकोला, भावाला आणि आम्हाला आत बोलावून सांगितले, की अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, उशीर झाला, आता फार तर काही महिने. बाहेर येताना जिन्यातच आम्ही सगळ्यांनी ठरवले, की त्याला कळू द्यायचे नाही. तो खचेल. अल्सर आहे म्हणून सांगायचे.

चार महिने आम्ही ते नाटक केले. चाळीतले लोक भेटायला यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, "होशील रे बरा, आता तब्येत छान दिसतेय" म्हणायचे आणि चहा न घेताच उठायचे. एका रात्री त्याच्याजवळ आम्ही एकटेच होतो. त्याने आमचा हात धरला आणि म्हणाला, "भाऊ, तू तरी खरं सांग. किती दिवस?" आम्ही काय म्हणालो? "येडा झालास काय? पुढच्या जयंतीला गावाला जायचंय आपल्याला." त्याने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर त्याने आम्हाला काही विचारले नाही. अकराव्या दिवशी गेला.

पुण्यानुमोदन झाल्यावर वहिनींनी त्याच्या ट्रंकेतली वही आम्हाला दाखवली. कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे, असे त्याने लिहून ठेवले होते. शेवटच्या ओळीत एका माणसाचे नाव होते, पुढे रक्कम नव्हती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. तरी एका खोलीत राहून आम्ही दोघं एकमेकांना फसवत बसलो. मुलींचं काय करायचं, एवढं तरी विचारायचं होतं हो मला."

दहा बाय बाराच्या खोलीत माणसांची इतकी गर्दी, आणि तो गेला एकटा. ही गोष्ट आमच्या मनाला लागली. तेव्हापासून आम्ही पुस्तकांतून हेच शोधत राहिलो, की आपल्या धम्मात अशा वेळी काय करत असत.

तथागतांचे शेवटचे वर्ष

सिद्धार्थाने घर का सोडले, याची परंपरेतली गोष्ट अशी, की एकोणतिसाव्या वर्षी त्याने म्हातारा, आजारी आणि प्रेत पहिल्यांदा पाहिले. बाबासाहेबांना हे पटले नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी प्रश्न केला, की या तर रोज घडणाऱ्या गोष्टी, एकोणतीस वर्षांच्या माणसाला त्या तोवर दिसल्या नाहीत हे कसे मानावे? म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याचे कारण मांडले. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्यातून आपल्यासाठी आणखी एक गोष्ट निघते. म्हातारपण, आजार आणि मरण या कुणापासून लपवता येण्यासारख्या गोष्टीच नाहीत. राजाच्या वाड्यात लपल्या नाहीत, त्या आपल्या चाळीत काय लपणार?

आता तथागतांच्या अखेरच्या प्रवासाकडे येऊ. दीघ निकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात तो तपशिलाने आला आहे, आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाचा सातवा खंड याच प्रवासाचा आहे. वर्षावासात आपण तो दरवर्षी वाचतो. वाचताना आपले डोळे भरतात, पण त्यात आजाऱ्याने कसे वागावे आणि भोवतालच्यांनी कसे वागावे याचा पाठच दिलेला आहे, इकडे आपले लक्ष जात नाही.

तथागतांचे वय ऐंशी. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावास चालू असताना त्यांना मोठे दुखणे आले, मरणप्राय वेदना झाल्या. त्यांनी त्या शुद्धीवर राहून, कुरकुर न करता सोसल्या. पण मनात विचार काय आला? सेवकांना न सांगता, संघाचा निरोप न घेता असे निघून जाणे बरे नाही. थोडे बरे वाटल्यावर ते विहाराच्या सावलीत येऊन बसले. आनंदाने कबूल केले, की तुमचे दुखणे पाहून मला दिशा कळेनाशा झाल्या होत्या. तथागतांनी त्याला "छे, मला काय झालंय" असे म्हटले नाही. त्यांनी सरळ सांगितले, की मी आता म्हातारा झालो आहे, माझी ऐंशी वर्षे भरत आली, जुनी मोडकी गाडी दोऱ्यांनी बांधून कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे. धम्म सांगताना मूठ झाकून मागे काही ठेवलेले नाही, हेही सांगितले. आणि माझ्यामागे तुम्ही स्वतःच स्वतःचा आधार व्हा, धम्माचा आधार धरा, असा उपदेश केला.

पुढे वैशालीच्या भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी आपले महापरिनिर्वाण तीन महिन्यांवर आहे असे जाहीर केले. वैशाली सोडताना हत्ती जसा सगळे अंग वळवून मागे पाहतो तसे वळून त्यांनी ती नगरी पाहिली आणि आनंदाला म्हणाले, की हे वैशालीचे शेवटचे दर्शन. आवडती जागा डोळे भरून पाहावी आणि शेवटचे पाहतो आहोत असे म्हणावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पावा गावी चुंद नावाच्या लोहाराच्या घरी जेवण झाले आणि त्यांना रक्ताची हगवण लागली. त्या अवस्थेत ते कुसिनाऱ्याकडे चालत निघाले. वाटेत थकून बसले, आनंदाकडे पाणी मागितले. आणि या वेदनेत त्यांना काळजी कुणाची? चुंदाची. आपल्यामागे लोक या गरीब कारागिराला बोल लावतील, तोही मनाला लावून घेईल, म्हणून त्यांनी आनंदाला बजावले, की चुंदाला सांग, संबोधीच्या आधीचे भोजन आणि परिनिर्वाणाच्या आधीचे भोजन या दोन्हींचे पुण्य सारखेच मोठे आहे. मागे राहणाऱ्याच्या छातीवरचा दगड जाणाऱ्याने आपल्या हाताने उचलून ठेवला. आपल्या घरांतून कितीजण "मीच वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही" असे म्हणत वर्षानुवर्षे कुढतात! त्यांना ही चुंदाची गोष्ट कुणी सांगत नाही.

कुसिनाऱ्याच्या सालवनात तथागत आडवे झाले. आनंद आत जाऊन दाराला टेकून रडत होता. त्याला बोलावून घेतले. रडू नको म्हणून समजावले आणि सगळ्यांसमोर सांगितले, की इतकी वर्षे तू कायेने, वाचेने, मनाने माझी प्रेमाने सेवा केलीस. मग त्याच आनंदाला गावात पाठवले, की मल्लांना कळव, आज रात्रीच्या शेवटच्या प्रहरी तथागतांचे परिनिर्वाण होईल. आमच्याच गावाजवळ असून आम्हाला भेटता आले नाही अशी हळहळ त्यांना पुढे वाटू नये म्हणून. मल्ल बायकामुलांसह आले. सुभद्र नावाचा परिव्राजक शंका घेऊन आला, त्यालाही परत न पाठवता उत्तर दिले. शेवटी भिक्खूंना विचारले, काही शंका असेल तर आत्ता विचारा, मागाहून पस्तावू नका.

धम्मबंधूंनो, हा सगळा क्रम बघा. खरी परिस्थिती सांगणे, आवडत्या जागेचा निरोप घेणे, दुसऱ्याच्या मनावरचा दोष काढणे, सेवा करणाऱ्याचे आभार मानणे, भेटायचे त्यांना वेळेवर बोलावणे, आणि राहिलेले विचारून घ्या म्हणणे. यातली एकही गोष्ट अशी नाही, की जी आमच्या सोबत्याला खोलीतल्या खाटेवरून करता आली नसती. आम्ही ती करू दिली नाही.

सेवा कशी करावी

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला पोटाचा विकार झालेला, तो आपल्याच मलमूत्रात पडलेला. तथागत आणि आनंद फिरत तिथे आले. तुझ्याजवळ कुणी का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडलो नाही, म्हणून तेही माझे करत नाहीत. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने अंग धुतले, एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. नंतर संघाला बोलावून सांगितले, की इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

त्याच ठिकाणी चांगल्या सेवकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करून देता यावे. काय मानवते, काय मानवत नाही याची समज असावी. लोभाने नाही तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी बोलून आजाऱ्याला धीर देता यावा. आजाऱ्याचेही पाच गुण आहेत. पथ्य पाळावे, पथ्यातही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, वेदना सोसण्याची तयारी ठेवावी. आणि पाचवा गुण असा, की आपले दुखणे वाढते आहे, कमी होते आहे की तसेच आहे, हे हित पाहणाऱ्या सेवकाला जसे असेल तसे सांगावे. म्हणजे खरे बोलणे दोन्ही बाजूंनी. आजाऱ्याने वेदना लपवायची नाही. मग त्याच्यापासून आपण आजार लपवायचा, हा न्याय कुठला?

सूत कातणारी नकुलमाता

कुणी म्हणेल, हे भिक्खूंचे झाले. प्रपंचातल्या माणसाचे काय? त्यासाठी अंगुत्तर निकायातली नकुलपिता आणि नकुलमाता यांची गोष्ट आहे. हे भग्ग देशातले नवराबायको. नवरा एकदा मरणाच्या दारात होता. बायको त्याच्या खाटेशी बसली. तिने "तुम्हाला काही होणार नाही" असे म्हटले नाही. ती म्हणाली, की काळजी मनात ठेवून मरू नका, तसले मरण दुःखाचे. तुम्हाला वाटत असेल, माझ्यामागे ही मुले कशी पोसेल, घर कसे चालवेल. तर मला कापसाचे सूत कातता येते, मी मुले वाढवीन, संसार सांभाळीन. मी दुसऱ्या घरी जाईन अशी शंका असेल, तर तीही ठेवू नका. बुद्ध आणि संघ यांना मी अंतर देईन असे वाटत असेल, तर तसेही होणार नाही. त्याच्या मनातली एकेक भीती तिनेच नाव घेऊन बाहेर काढली आणि एकेकीला उत्तर दिले. पुढे नकुलपिता बरा झाला, काठी टेकत तथागतांना भेटायला गेला, आणि तथागतांनी त्याला सांगितले, की अशी हित पाहणारी बायको तुला लाभली हे तुझे भाग्य.

आम्ही कताई खात्यातले माणूस. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती बाई सुताच्या भरवशावर नवऱ्याला निश्चिंत करते, हे वाचले तेव्हा आम्हाला आमच्या सोबत्याची बायको आठवली. तो गेल्यावर तिनेही शिवणकाम करून दोन्ही मुली शिकवल्या. मुली मी शिकवीन, हे एक वाक्य तिला त्याच्या जिवंतपणी त्याला सांगता आले असते.

दुसरी गोष्ट अनाथपिंडिकाची. जेतवन विहार ज्याने दान दिला तो हा श्रावस्तीचा सावकार. मज्झिम निकायात आहे, की तो शेवटच्या दुखण्यात असताना सारिपुत्त आणि आनंद त्याच्याकडे गेले. सारिपुत्तांनी आधी विचारले, दुखणे कसे आहे, वाढते की ओसरते? त्याने खरे सांगितले, की वाढतच आहे. मग सारिपुत्तांनी कशालाही चिकटून न राहण्याचा खोल उपदेश केला. अनाथपिंडिक रडू लागला. आनंदाला वाटले, हा खचला. तो म्हणाला, खचलो नाही, पण इतकी वर्षे तथागतांची सेवा केली, असे बोलणे कधी कानावर पडले नव्हते. पांढरी वस्त्रे नेसणाऱ्या गृहस्थांना असे सांगत नाहीत, असे उत्तर मिळाले. तेव्हा मरणाच्या खाटेवरून त्याने विनंती केली, की गृहस्थांनाही सांगत जा, समजू शकणारे आमच्यातही आहेत.

पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून विहारात बसणारे आपण त्याच अनाथपिंडिकाचे वारस आहोत. त्याने आपल्यासाठी हे मागून ठेवले आहे.

बाबासाहेबांचे ५३ दिवस

बाबासाहेबांच्या शरीराची हालत शेवटच्या वर्षांत काय होती, हे सर्वांना ठाऊक आहे. मधुमेह जुना, पायांच्या वेदनांनी झोप नाही, दृष्टी मंद होत चाललेली. तरी कामाचा क्रम बघा. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच महिन्यात २५ तारखेला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी केली. १९५६ मध्ये 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहून हातावेगळा केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर होता. १६ तारखेला चांद्याला दीक्षा सोहळा. नोव्हेंबरात काठमांडूची परिषद, तिथून परतताना सारनाथ आणि कुसिनारा, जिथे तथागतांनी देह ठेवला तेच ठिकाण. ५ डिसेंबरच्या रात्री ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित प्रत आणि रिपब्लिकन पक्षाबाबत आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांच्या टेबलावर होती. ६ डिसेंबरच्या पहाटे झोपेतच महापरिनिर्वाण झाले. दीक्षेपासून मोजले तर ५३ दिवस.

आजारी माणसाने फक्त औषध घ्यावे आणि छताकडे बघत पडावे, हे बाबासाहेबांनी मानले नाही. शरीर साथ देईना तेव्हा त्यांनी कामे निवडली. राहिलेल्या ताकदीतून कुणाला काय देऊन जायचे ते ठरवले. आजारपणात चांगले जगणे म्हणतात ते हेच. प्रत्येकाचे काम बाबासाहेबांएवढे मोठे नसेल. पण वहीतली ती शेवटची रक्कम लिहिणे हेही कामच होते.

अलीकडचा इतिहास

आता डॉक्टरी जगात काय झाले तेही थोडक्यात पाहू. सिसिली साँडर्स नावाची इंग्रज बाई आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. १९४८ साली लंडनच्या रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडचा निर्वासित, हॉटेलातला वेटर, कॅन्सरने मरणाला टेकला होता. ती त्याच्याजवळ बसायची. दोघे मरणाबद्दल मोकळेपणी बोलायचे. अशा माणसांसाठी एखादे घर हवे, ही कल्पना त्या बोलण्यातून रुजली. जाताना त्याने आपली शिल्लक ५०० पौंड तिच्या नावे केली, त्या घराला एक खिडकी म्हणून. १९६७ साली ते घर, सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, उभे राहिले. तिने जगाला शिकवले, की दुखणे फक्त शरीराचे नसते. मनाचे, घरच्या काळजीचे, पैशाचे, एकटेपणाचे, सगळे मिळून ते एक दुखणे असते. नकुलमातेला हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

आपल्या मुंबईत १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. देशातले हे पहिले हॉस्पिस. १९९३ साली केरळात कोझिकोडला वेदनाशमनाचे, ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याचे, केंद्र निघाले. तिथे पुढे गल्लीतली साधी माणसे, रिक्षावाले, शिक्षक, गृहिणी, थोडे शिकून आठवड्यातले काही तास आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केले. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिनसारखे औषध मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते थोडे सुकर झाले. आणि ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शेवटी बरे होण्याची आशा नसेल तेव्हा कृत्रिम उपाय करावेत की नाही, हे माणसाने आधी लिहून ठेवता येते. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचे, अशी सोपी रीत २०२३ मध्ये झाली. बाबासाहेबांच्या घटनेतल्या एकविसाव्या कलमाचाच हा आधार आहे.

आक्काचा पंखा

शेवटी आमच्या थोरल्या बहिणीचे सांगतो. आक्का. १९८२ च्या संपात दाजींची नोकरी गेली, तेव्हापासून तिने खानावळ चालवली. २०१८ साली तिला यकृताचा कॅन्सर निघाला. या वेळी आम्ही जिन्यात काही ठरवले नाही. आक्का डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मला समोर बसवून सांगा. मी दोनशे माणसांना जेवायला घातलेली बाई आहे, मला हिशेब कळतो." त्यांनी स्टूल ओढून तिच्यासमोर बसून सांगितले. ती घरी आली, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "धम्मचक्र दिनापर्यंत मला ठेवा, मग बघू."

दुखणे वाढले तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. अफूची गोळी, सवय लागेल, म्हणून आम्हीच आडवे आलो. आक्का म्हणाली, "सवय लागायला मला दिवस किती आहेत रे?" आम्हाला हसू आले आणि रडूही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापाने गोळी सुरू झाली आणि त्या रात्री ती झोपली. सकाळी चतकोर भाकरी खाल्ली. आमच्या अडाणीपणामुळे तिचे आठ दिवस फुकट कळवळण्यात गेले, हे आम्ही इथे कबूल करतो.

मग तिची कामे सुरू झाली. बारा वर्षे बोलणे बंद असलेल्या धाकट्या जावेला निरोप धाडला. ती आली, दोघी भांडल्या, मग एका ताटात जेवल्या. खानावळीची भांडी कुणाला द्यायची ते सांगितले. वर्षावासाचे वाचन आपल्या बायकांनी तिच्या खोलीत ठेवले. नकुलमातेची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. आणि आम्हाला म्हणाली, "माझ्या पुण्यानुमोदनाला पंगत मोठी करू नका. जन्मभर लोकांना वाढलं, आता पुरे. त्या पैशात पोरांच्या अभ्यासिकेला पंखा घ्या."

सगळे असे धीराचेच होते असे नाही. एका रात्री ती लहान मुलीसारखी रडली. "मला भीती वाटते रे," म्हणाली. आपण आत्मा मानत नाही, स्वर्ग मानत नाही. वर कुणीतरी वाट बघत बसलेय, असे खोटे आम्ही तिला सांगू शकत नव्हतो. आम्ही म्हणालो, "आक्का, भीती मलाही वाटते. पण मी इथेच आहे." सकाळपर्यंत हात धरून बसलो. बोलल्याने तिची भीती गेली नाही, पण ती एकटी राहिली नाही. धम्मचक्र दिन तिने पाहिला. त्यानंतर सोळाव्या दिवशी, घरच्या माणसांत, ती गेली. अभ्यासिकेतला पंखा अजून चालू आहे. थोडा आवाज करतो.

आमची विनंती

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमचे विहाराकडे एकच मागणे आहे. माणूस गेल्यावर आपण सगळे धावतो. अंत्यविधी, जलदान, पुण्यानुमोदन यांत आपला समाज कधी कमी पडत नाही. पण तो जिवंत असतो तेव्हाच्या त्या चार-सहा महिन्यांत आपण कुठे असतो? विहारातून पाच-सहा जणांचे एक पथक करावे, त्यात बायका जरूर असाव्यात. आठवड्यातून एकदा आजाऱ्याच्या घरी जाऊन बसावे. घरच्या बाईला दोन तास बाहेर जाऊ द्यावे. आजाऱ्याला दुखते का ते विचारावे, आणि दुखत असेल तर त्यावर औषध आहे हे घरच्यांना सांगावे.

आणि खोटे बोलू नये. खरे बोलणे म्हणजे कुणाच्या छातीवर बसून त्याचे मरण त्याला ऐकवणे नव्हे. ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याला बळजबरीने सांगू नये. तो जेवढे विचारील तेवढे सांगावे. पण त्याने विचारले, तर तोंड फिरवू नये. सारिपुत्तांनी पहिला प्रश्न जो विचारला तोच आपण विचारावा, दुखणे कसे आहे? आणि मग गप्प बसून ऐकावे.

आमच्या सोबत्याला आम्ही उत्तर दिले नाही, त्याला वीस वर्षे होऊन गेली. आमचीही पन्नाशी उलटली आहे. गिरणीतल्या धुळीने छातीत घरघर असते. उद्या आमची पाळी आली, तर भेटायला येणाऱ्यांनी खुर्ची जवळ ओढून नीट बसावे, चहा घ्यावा, आणि आम्ही विचारले तर खरे सांगावे.

नमो बुद्धाय! जयभीम!

— विहाराचा एक कार्यकर्ता, गिरणी कामगार